डिकीत चाक नाही, मग पंक्चर झाल्यावर काय?

दहा लाखांच्या हॅचबॅकला स्टेपनी मिळते आणि कोटभर मोजून घेतलेल्या स्पोर्ट्‌स कारला नाही, हा काय न्याय? नवी पोर्शे घेतलेले वाचक हा प्रश्न विचारतात आणि हातबदल झालेली जुनी झेड-फोर किंवा टीटी हौसेनं घरी आणलेलेही. त्यामागून बाकीच्या शंका येतात. स्टेपनी नाही म्हणून पोलीस पावती फाडतील का? कोकणात जाताना बाजूच्या सीटवर एक चाक टाकून नेऊ का? किटमधली ती पांढऱ्या रसायनाची बाटली टायरची वाट लावते म्हणतात, ते खरं का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. दोन सीटच्या गाडीत अख्खं चाक नेण्याच्या भानगडीत बहुतेकांनी पडू नये. पंक्चर काढायची दोरी आणि हवेचा पंप कायम गाडीत असावा, बाटली शेवटचा उपाय म्हणून ठेवावी, आणि गाडी उचलून नेणाऱ्या फ्लॅटबेडची सोय घरातून निघण्याआधीच लागलेली असावी. छोटी स्टेपनी घेण्यात शहाणपण कुणासाठी आहे, तेही पुढे येईलच.

आधी गाडीत काय आहे ते पाहा

आज संध्याकाळी डिकीतला गालिचा उचला. इंजिन मागे असेल तर पुढचं झाकण उघडा. पुढच्यापैकी काहीतरी सापडेल:

- रसायनाची बाटली आणि १२ व्होल्टचा छोटा पंप. बहुतेक नव्या स्पोर्ट्‌स कारमध्ये हेच असतं.
- बारीक, सायकलच्या थोरल्या भावासारखी दिसणारी छोटी स्टेपनी, सोबत जॅक आणि पाना.
- यातलं काहीच नाही, पण टायरच्या बाजूवर 'आरएफटी', 'आरओएफ', 'एसएसआर' किंवा 'झेडपी' अशी अक्षरं. म्हणजे टायर रन-फ्लॅट आहेत.
- काहीच नाही आणि टायरही साधे. वापरलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं. आधीच्या मालकानं रन-फ्लॅट काढून मऊ चालणारे साधे टायर बसवलेले असतात आणि किट घेतलेलंच नसतं.

चौथ्या प्रकारात तुमची गाडी मोडत असेल तर बाकीचा लेख नंतर वाचा, आधी पंप आणि दोरीचं किट मागवा.

बाटली असेल तर तिच्यावरची मुदत वाचा. ही रसायनं साधारण चार-पाच वर्षं टिकतात, त्यानंतर ती घट्ट होतात किंवा फाटतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद डिकीतला उकाडा त्यांना मानवत नाही, तेव्हा मुदत संपायची वाट पाहत बसू नका.

स्टेपनी नसणं बेकायदा आहे का?

नाही. केंद्र सरकारनं जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि ती १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली. चालक सोडून आठपर्यंत प्रवासी बसतील अशा गाडीत ट्यूबलेस टायर, टायरमधला हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचं किट असेल, तर जादा चाकाची सक्ती नाही.

यातली मेख लक्षात घ्या. ही सवलत किटच्या बदल्यात मिळालेली आहे. जागा हवी म्हणून किट काढून घरच्या कपाटात ठेवलंत, तर तुमच्याजवळ ना चाक ना किट. वाद घालायला मग फारसं काही उरत नाही, आणि रस्त्यावर तर काहीच नाही.

अख्खं चाक का नेऊ नये

सध्याच्या पिढीची पोर्शे ९११ कॅरेरा घ्या. पुढची चाकं १९ इंची, टायर २३५/४०. मागची २० इंची, टायर २९५/३५. म्हणजे चारही चाकांना चालेल असं एक चाक मुळात नाहीच. पुढचं बरोबर घेतलंत आणि मागचं बसलं तर? बरं, मागचं रुंद चाक घेतलंत, ते नेमकं कामाला आलं आणि तुम्ही ते बदललंतही; आता काढलेलं चाक ठेवायचं कुठे? पुढच्या डिकीत ते मावत नाही. शेजारच्या सीटवर बायको किंवा मित्र बसलेला आहे. त्याला रस्त्यावर उतरवून चाक घरी न्यायचं का, हा निर्णय तुमचा.

सीटवर सुटं चाक टाकून नेणं तर सरळ धोक्याचं आहे. पंधरा-वीस किलोंचा तो ऐवज जोरात ब्रेक लावल्यावर जागेवर बसून राहत नाही.

ब्रेकचाही प्रश्न आहे. मोठ्या डिस्क आणि त्यांना धरणारे जाडजूड कॅलिपर यांच्यावरून कमी व्यासाचं चाक जातच नाही. दुसऱ्या गाडीची छोटी स्टेपनी बोल्टच्या भोकांत बसते म्हणून ती तुमच्या गाडीला चालेल असं समजू नका. काही वेगवान मॉडेलांत तर पाच बोल्टांऐवजी मधोमध एकच मोठा नट असतो. पोर्शेच्या अशा चाकांचा नट ६०० न्यूटन-मीटरनं आवळावा लागतो. तो घाटात पान्यावर उभं राहून करायचा उद्योग नव्हे.

पूर्वी कंपन्यांनी यावर तोडगा काढून पाहिला होता. जुन्या ९११, ९४४ आणि ९२८ मध्ये घडी घातलेल्या टायरची स्टेपनी यायची. चाक लावायचं आणि सोबतच्या पंपानं टायर फुगवायचा. अशी जुनी गाडी तुमच्याकडे असेल तर त्या स्टेपनीचं रबर किती वर्षांचं आहे ते पाहा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीन आकडेच दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. संग्रहाची शोभा म्हणून ठेवा, रस्त्यावर लावू नका.

छोटी स्टेपनी कुणी घ्यावी

इंजिन पुढे आहे, डिकीच्या तळाशी चाकाचा खड्डा आहे आणि कंपनीच्या यादीत तुमच्या मॉडेलसाठी छोटी स्टेपनी आहे, असं असेल आणि तुम्ही वरचेवर कोकण, विदर्भ किंवा गोव्याकडे लांब जात असाल, तर जरूर घ्या. टायरची बाजू फाटली तर दोरी आणि बाटली दोन्ही निकामी ठरतात. तिथे हीच उपयोगी पडते. पण तिच्याबरोबर चार गोष्टी पाहून घ्या.

हवा. छोट्या स्टेपनीत साधारण ४.२ बार, म्हणजे ६० पीएसआय हवा लागते. नेहमीच्या टायरच्या जवळपास दुप्पट. पंपावरचा मुलगा सवयीनं ३३ मारून मोकळा होतो.

बोल्ट. अलॉयचे बोल्ट लोखंडी स्टेपनीला लांब पडू शकतात. काही कंपन्या वेगळे बोल्ट देतात. दिले असतील तर तेच वापरा. चोरी टाळण्यासाठी प्रत्येक चाकाला एक खास बोल्ट असतो, त्याची चावी गाडीतच हवी. वापरलेली गाडी घेताना ही चावी हातात घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ती हरवली की चांगल्या गॅरेजवाल्यालाही घाम फुटतो.

जॅक. गाडी मुळात जमिनीलगत, त्यात टायर बसलेला. नेहमीचा जॅक खाली सरकतच नाही. इंच-दीड इंच जाडीची लाकडी फळी जवळ ठेवा, बसलेलं चाक हळूच तिच्यावर चढवा आणि मग जॅक लावा. जॅकची जागा मॅन्युअलमध्ये दाखवलेलीच, दुसरी कुठलीही नाही. युरोपी गाड्यांत हबला कायमचे खिळे नसतात, चाक हातात तोलून भोकं जुळवावी लागतात. त्यासाठी एक साधी मार्गदर्शक पिन मिळते. सिरॅमिक डिस्कवर चाक आपटून टवका उडाला की तिची किंमत कळते.

चौथी गोष्ट, ती लावायची कुठे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या, विशेषतः लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल असलेल्या गाडीत छोटं चाक मागे लावू नका. दोन चाकांचा व्यास वेगळा, म्हणून फिरण्याचा वेग वेगळा, आणि त्याचा ताण सतत डिफरन्शियलवर. पुढची-मागची चाकं एकाच मापाची असतील तर पुढचं चांगलं चाक मागे न्या आणि छोटं पुढे लावा. काम दुप्पट होतं, पण खर्च वाचतो. वेग ताशी ८० किलोमीटरच्या आत.

दोरीनं पंक्चर काढणं: हे शिकून घ्या

आपल्याकडची बहुसंख्य पंक्चरं खिळा, स्क्रू किंवा तारेच्या तुकड्यानं, टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागातच होतात. ती चाक न काढता निघतात, आणि जॅकही लागत नाही. फक्त जागा हाताशी यायला हवी. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवा, टायरचा चेहरा बाहेर येतो. मागचं असेल तर गाडी वीतभर पुढे-मागे घेऊन खिळा चाकाच्या मागच्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर आणा. स्पोर्ट्‌स कारमध्ये टायर आणि मडगार्ड यांच्यात बोट जेमतेम जातं, त्यामुळे खिळा वर राहिला तर किटची मूठ फिरणारच नाही.

१. खिळा उपटण्याआधी टायरमध्ये हवा भरून घ्या. टायर टणक असला की दोरी आत जाते, मऊ असला की टायरच दबतो.

२. खडूनं खूण करा. नंतर काळ्या रबरातलं बारीक भोक शोधायला मोबाइलचा उजेडही पुरत नाही.

३. खिळा कुठल्या दिशेनं शिरलाय ते पाहा आणि पकडीनं त्याच दिशेनं ओढा. तिरका शिरलेल्या खिळ्याच्या भोकात सरळ टोचा घातला की आतल्या तारा तुटतात.

४. खरखरीत टोचा भोकात घालून पाच-सहा वेळा आतबाहेर करा. नव्या, जाड टायरला जोर लागतो. हातमोजे घाला.

५. दोरी सुईत अर्ध्यावर ओवा, तिला रबर सोल्यूशन लावा आणि सुई दाबा. दोरीची दोन्ही टोकं बोटाच्या पेराएवढी बाहेर राहिली की थांबा. सुई एका झटक्यात बाहेर ओढा. हळूहळू ओढलीत तर दोरीही बाहेर येते.

६. पंपानं पूर्ण हवा भरा. जागेवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले नाहीत तर टोकं कापा आणि निघा.

घरच्या पार्किंगमध्ये, भंगारात निघालेल्या टायरवर हे एकदा करून पाहा. रात्री ताम्हिणीत पहिला धडा गिरवण्यापेक्षा ते बरं.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. भोक ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नको, ते ट्रेडच्या मधल्या भागात हवं, कडेच्या खांद्यावर किंवा बाजूच्या भिंतीवर नको. आणि हा उपाय दुकानापर्यंत पोहोचण्यापुरता. तुमच्या टायरवर ताशी ३०० किलोमीटरचं अक्षर छापलेलं असलं, तरी दोरी बसवलेल्या टायरला ते लागू नाही. ८० च्या आत चालवा. असा टायर घेऊन ट्रॅकवर तर कदापि जाऊ नका.

बाटली केव्हा आणि कशी

पाऊस कोसळतोय, खिळा सापडत नाही, किंवा मागचा टायर मडगार्डखाली इतका दडलाय की हातच जात नाही. अशा वेळी बाटली. तीही साधारण ४ ते ६ मिलिमीटरपर्यंतच्या, ट्रेडमधल्या भोकालाच चालते. इथे खिळा काढायचा नाही. तो भोक बुजवायला मदतच करतो.

बाटली नीट हलवा, इंजिन चालू ठेवा, मॅन्युअलप्रमाणे नळी जोडा. पंप सुरू होताच दाबाचा काटा एकदम पाच-सहा बारपर्यंत उडी मारतो. घाबरू नका, वाल्व्हमधून रसायन जात असतं. मिनिटभरात काटा खाली येतो आणि मग खरा दाब दिसू लागतो. सहा-आठ मिनिटांत पुरेसा दाब आला नाही तर नळी काढून गाडी दहाएक मीटर पुढे-मागे न्या आणि पुन्हा भरा. सतत चालवून पंप तापतो, त्याला मध्ये विश्रांती द्या.

दाब आला की लगेच निघा. चाक फिरलं तरच रसायन आत पसरतं. दहा मिनिटांनी थांबून दाब पाहा. तो १.३ बार, म्हणजे साधारण १९ पीएसआयच्या खाली गेला असेल तर पुढे एक मीटरही जायचं नाही. फ्लॅटबेड बोलवा. टिकून असेल तर योग्य दाबापर्यंत भरा आणि ८० च्या आत दुकान गाठा.

आता त्या शंकेचं उत्तर. बाटली टायरची वाट लावतेच असं नाही, पण तो वाचण्याची शक्यता कमी करते. आतून चिकट झालेला टायर साफ करायला पंक्चरवाले तयार नसतात, काही कार कंपन्या असा टायर बदलायलाच सांगतात, आणि आतला दाबाचा सेन्सरही बरबटतो. म्हणून आधी दोरी, मग बाटली.

रन-फ्लॅट असतील तर

हवा पूर्ण गेल्यावरही रन-फ्लॅट टायर साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या वेगानं चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी हे पुष्कळ झालं. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मात्र ऐंशी किलोमीटरमध्ये तुमच्या मापाचा टायर मिळेल या भरवशावर राहू नका. शिवाय बाजू टणक असल्यानं टायर बसलेला डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे दाबाचा दिवा लागला की दुर्लक्ष करायचं नाही. हवेविना चाललेला रन-फ्लॅट दुरुस्त करता येईल की नाही, हे तो रिमवरून काढून आतून तपासल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. बाहेरून दोरी घालून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

द्रुतगती मार्गावर

इथे खाली बसून दोरी घालण्याचा मोह आवरा. ताशी १०० नं ट्रक शेजारून जात असताना गुडघ्यावर बसलेला माणूस त्यांना दिसत नाही. गाडी शक्य तितकी डावीकडे घ्या, धोक्याचे दिवे लावा, त्रिकोण बराच मागे ठेवा आणि सगळे जण कठड्यापलीकडे उभे राहा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे, जिवाला धोका असेल तर ११२. मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धी हे रस्ते राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे. तिथला क्रमांक मार्गावरच्या फलकावरून प्रवेश करतानाच टिपून घ्या.

फ्लॅटबेडवाल्याशी बोलताना आधीच सांगा: गाडी जमिनीलगतची आहे, फळ्या लागतील, दोन चाकं उचलून ओढणारी क्रेन पाठवू नका. ओढण्याचा हुक किटमध्ये असतो आणि बंपरवरच्या छोट्या झाकणामागे आट्यांवर बसतो. गिअर न्यूट्रलला आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक मोकळा कसा करायचा ते मॅन्युअलमधून आधीच वाचून ठेवा. पट्टे चाकांना बांधायला लावा, सस्पेन्शनच्या दांड्यांना नाही. चढवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. उतरवताना बंपर घासला तर बोलायला तेच कामाला येतात.

दुकानात गेल्यावर

टायर रिमवरून काढून आतून मशरूम पॅच लावून घ्या. दोरीवर भागवू नका. बाटली वापरली असेल तर टायर खोलण्याआधीच सांगा, नाहीतर ते चिकट पाणी काम करणाऱ्याच्या अंगावर उडतं. काही टायरच्या आत आवाज कमी करणारा फोम चिकटवलेला असतो. पॅचच्या जागेपुरता तो कापावा लागतो आणि हे माहीत असलेलाच कारागीर निवडा.

नवा टायर घ्यावा लागला तर एकाच अॅक्सलवरचे दोन्ही बदलण्याची तयारी ठेवा, निदान झीज मोजून मग ठरवा. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत झिजेच्या फरकाची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. पोर्शेसाठी 'एन', बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी 'एमओ' अशा खुणांचे टायर दुकानात दरवेळी तयार नसतात. लांबच्या प्रवासाआधी तुमच्या मापाचा टायर पुण्या-मुंबईत कुणाकडे आहे हे एका फोनवर कळतं.

विमा आणि तुमचे हक्क

नेहमीच्या सर्वंकष पॉलिसीत नुसतं टायरचं नुकसान धरलं जात नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे पैसे मिळतात, तेही बदलण्याच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत. टायरसाठी वेगळं जादा कवच मिळतं. ते घेताना विचारा: बाजू फाटली, फुगा आला तर धरता का? किती झिजलेल्या टायरला किती टक्के देता? साध्या पंक्चरचा खर्च सहसा त्यात नसतोच.

रस्त्यावरच्या मदतीच्या कलमात तीन गोष्टी वाचा: फ्लॅटबेडच मिळणार का, किती किलोमीटरपर्यंत, आणि वर्षातून किती वेळा. दावा करायचा असेल तर विमा कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत फाटका टायर दुकानात सोडू नका.

नवी गाडी ताब्यात घेताना किट, बाटलीची मुदत, हुक आणि खास बोल्टची चावी डिलिव्हरीच्या कागदावर लिहून घ्या. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर कुठल्या पायरीवर जायचं हे मोजलेल्या किमतीवर ठरतं: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय आयोग. गाडीबद्दलची तक्रार असेल तर गाडीला मोजलेली रक्कम धरतात, टायर-दुकानाविरुद्ध असेल तर त्या बिलाची. म्हणून जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर टायरचं माप, खूण आणि बाजूवरचे ते चार आकडे लिहायला लावा.